कढीलिंबाचा बाण

अरुणा : एवढी बारीक रेघ, आणि तिला तुळई म्हणायचं?

अस्मिता : तुळई नाही आई, बीम.

अरुणा : तेच ते. आमच्या साताऱ्याच्या घरात सागाची होती, तिला आम्ही तुळई म्हणायचो. तुमच्या कॉलेजात शिकायला गेली आणि बीम होऊन आली.

अस्मिता : बरं, तुळई. उद्या पॉलिटेक्निकच्या पोरांना हे सॉफ्टवेअर दाखवायचंय. विषयाचं नाव ऐकूनच त्यांचे डोळे मिटतात. म्हणून आधी तुमच्यावर ट्रायल. तुम्हाला कळलं तर वर्गाला कळेल.

अरुणा : म्हणजे सासू वर्गातल्या सगळ्यांत ढ.

अस्मिता : उलट. सासू प्रश्न विचारते, वर्ग विचारत नाही.

अरुणा : लोणी नको लावू. विषय कोणता म्हणालीस, सोम?

अस्मिता : एसओएम. पोरं सोमच म्हणतात. कुठल्या वस्तूला किती भार सोसेल, ती कुठे वाकेल, कुठे तुटेल, त्याचं शास्त्र.

अरुणा : मग नाव बरोबर आहे. सोमवारी कुणालाच भार सोसत नाही.

अस्मिता : आता हिला आधार द्यायचाय. इथे बघा, तीन प्रकार आहेत. हा पहिला चाकांवरचा. खालून टेकू देतो, पण बाजूला सरकतो.

अरुणा : कोपरखैरण्याची माझी जाऊ. ‘काही लागलं तर सांगा हं वहिनी.’ सांगितलं की फोन बंद.

अस्मिता : आई! दुसरा हा पिनचा. जागा सोडत नाही, पण आपल्या जागी गोल वळू शकतो.

अरुणा : हा निखिल. मी एक सांगितलं की माझ्याकडे, तू एक सांगितलंस की तुझ्याकडे. आणि तिसरा?

अस्मिता : हा फिक्स्ड. भिंतीत रोवलेला. सरकणं नाही, उचलणं नाही, वळणंही नाही.

अरुणा : सापडले मी! लाव, तोच लाव. आणि तुळईच्या ह्या दुसऱ्या टोकाला काय देतेस?

अस्मिता : काही नाही. एक बाजू नीट रोवलेली असली की दुसरी मोकळी राहू शकते.

अरुणा : अधांतरी? आपल्या गॅलरीसारखी? ती नाही का भिंतीतून निघालीय आणि पुढं खाली काहीच नाही.

अस्मिता : अगदी तशीच! हिला कँटिलिव्हर म्हणतात. मी पोरांना बसस्टॉपचं छप्पर सांगणार होते, पण गॅलरी भारी आहे. प्रत्येकाच्या घरी असते.

अरुणा : मग आपलीच गॅलरी काढ. आणि टोकाला माझा कढीलिंब ठेव. नाहीतर कसली आपली गॅलरी?

अस्मिता : झाड नाही काढता येत ह्यात. वजनाचा बाण असतो. हा बघा, टोकावर ठेवला. गॅलरी चार फुटांची धरू. कढीलिंबाच्या ड्रमचं वजन किती लिहू?

अरुणा : झाड काही फार मोठं नाही. सिमेंटच्या गोणीएवढं लिही. पन्नास किलो.

अस्मिता : आणि माती? अर्धा ड्रम भरून आहे, त्यात रोजचं पाणी. ओली माती दीडशेच्या खाली नसणार.

अरुणा : अगंबाई, माती मी धरलीच नाही. दिसतं ते झाडच ना. बरं, लिही दीडशे. आणि बाणावर ते काय इंग्रजी अक्षर आहे?

अस्मिता : ते नुसतं नाव आहे. बदलता येतं. हे घ्या... क-ढी-लिं-ब.

अरुणा : वा! ह्यांना दाखवायला हवं होतं. तळोज्याच्या कंपनीतून सगळे निवृत्त होताना घड्याळ घेऊन आले, ह्यांनी रिकामा निळा ड्रम मागून घेतला. कापला, स्वतः माती भरली, रोप लावलं, आणि त्याच्या पहिल्या पानांची फोडणी खायच्या आत गेले.

अस्मिता : माहीत आहे, आई.

अरुणा : तुला माहीत आहे ते मला माहीत आहे. तरी सांगते. चल, पुढं काय?

अस्मिता : पुढे पैज. जास्त वजन झालं तर गॅलरी कुठून जाईल? हरेल त्याने चहा करायचा.

अरुणा : ह्यात पैज कसली? टोकाला. जिथं ओझं, तिथं मोडणार.

अस्मिता : बघा हं, लाल होईल तिथून जाईल. केलं क्लिक.

अरुणा : अगं, टोक तर निळंच आहे! इकडे भिंतीजवळ लाल झालं. तुझं मशीन उलटं आहे.

अस्मिता : उलटं नाही. तो पाण्याने भरलेला तांब्या घ्या. हात सरळ पुढे करा. कोपरात वाकवू नका. आता सांगा, दुखतं कुठे?

अरुणा : थांब... तळव्यात काही नाही. खांदा. खांदा ओढला जातोय गं!

अस्मिता : तांब्या तळव्यात, ओढ खांद्यात. आता तोच तांब्या छातीजवळ घ्या.

अरुणा : आता काहीच नाही. तांब्या तोच, पाणीही तेवढंच.

अस्मिता : नुसतं वजन बघून चालत नाही. ते भिंतीपासून किती लांब आहे, त्यावर ओढ ठरते.

अरुणा : एवढं सोपं आहे, आणि पोरं झोपतात? वर्गात सगळ्यांना तांबे दे. पण मला सांग, हे लाल वरच्या कडेला आहे. खालच्या कडेचा रंग वेगळा का?

अस्मिता : कारण टोक खाली झुकलं की वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. सिमेंटला दाब सोसतो, ताण नाही. म्हणून वरच्या बाजूला आत लोखंडाच्या सळ्या घालतात.

अरुणा : म्हणजे चीर पडली तर वरून पडणार. भिंतीला लागून.

अस्मिता : बरोब्बर! उद्या हे कुणी न विचारता बोललं ना, तर मी त्याला... काय झालं? खांदा दुखला का?

अरुणा : अस्मिता, गॅलरीच्या दारातलं पायपुसणं उचल.

अस्मिता : आत्ता? का?

अरुणा : उचल तर. पलीकडं जाऊ नकोस, आतूनच.

(अस्मिता उठून गॅलरीच्या दाराशी जाते आणि वाकून पायपुसणं बाजूला करते.)

अस्मिता : आई... ही कधीपासून आहे?

अरुणा : दोन दिवाळ्या झाल्या. दोनदा व्हाइट सिमेंट भरलं, दोनदा उघडली. मला वाटलं, फरशीवाल्यानं काम वाईट केलं. किती शिव्या दिल्या त्या बिचाऱ्याला! पायाला बोचायला लागली, म्हणून वर पायपुसणं टाकलं.

अस्मिता : ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलीय. आणि ओल आहे. खालच्या रंगूबाई म्हणाल्या होत्या ना, वरून ठिबकतं म्हणून?

अरुणा : मी म्हटलं, एसीचं पाणी असेल. अस्मिता, खरं सांग. हे तू मुद्दाम केलंस का? मी ड्रम हलवू देत नाही, म्हणून हा सगळा खेळ मांडलास?

अस्मिता : शप्पथ नाही! मी तर बसस्टॉप काढणार होते. गॅलरी तुम्ही म्हणालात, कढीलिंब तुम्ही ठेवलात.

अरुणा : ...हो. मीच ठेवला.

निखिल : कसला आवाज चाललाय? झोपू पण देत नाही रविवारी.

अस्मिता : निखिल, तिथेच थांब. गॅलरीत पाय ठेवू नकोस. खाली बघ.

निखिल : अरे बापरे! आई, तीन महिने मी काय सांगत होतो? काढ तो ड्रम, काढ तो ड्रम...

अरुणा : तू काढ म्हणालास. का ते सांगितलंस? मला वाटलं, तुला कपडे वाळत घालायला जागा हवीय.

निखिल : ती पण हवी होतीच. बरं, आता मी ओढून आत घेतो.

अस्मिता : नको! तू पण ऐंशी किलोचा बाण आहेस. आधी सेक्रेटरी हौसेरावांना फोन लाव. त्यांना सांग, सोसायटीचा इंजिनियर आजच्या आज पाठवा. ते खालून टेकू लावतील, मग ड्रम. आणि रंगूबाईंना सांग, त्यांच्या गॅलरीत कुणी बसू नका.

निखिल : जातो. आधी खाली जाऊन सांगतो, तिथूनच फोन लावतो.

अरुणा : मला दे तो माउस.

अस्मिता : आई, टेन्शन घेऊ नका. बहुतेक दुरुस्त होईल.

अरुणा : टेन्शन नाही गं. बाण कसा ओढायचा? असा? ...हे बघ, भिंतीजवळ आणला, तर लाल गेलं! सगळं निळं झालं. म्हणजे इथं दाराशी ठेवला तर चालेल?

अस्मिता : हे सॉफ्टवेअर चालेल म्हणतंय. पण त्यात गॅलरी नवी कोरी आहे. त्याला आपली चीर माहीत नाही. आत किती सळ्या गंजल्यात, तेही माहीत नाही.

अरुणा : आपल्याला तर माहीत आहे.

अस्मिता : हो.

अरुणा : मग काढलेलाच बरा. खाली गेटजवळ, वॉचमनच्या केबिनमागं मोकळी जमीन आहे. तिथं लावू. ड्रममध्ये मुळं गोल गोल फिरत बसली असतील बिचारी. शेजारची उज्वला नाहीतरी रोज आपल्याकडेच येते पानं मागायला. आता जाता जाता तोडेल.

अस्मिता : अख्खी सोसायटी तोडेल.

अरुणा : तोडू दे. पानं तोडली की फुटतो तो. निळा ड्रम मात्र टाकायचा नाही हं. रिकाम्याचं वजन किती असेल?

अस्मिता : चार-पाच किलो. दुरुस्ती झाली की खुशाल ठेवा. पण दाराशी.

अरुणा : आता बाण पुसायचा कसा?

अस्मिता : त्याच्यावर क्लिक करा आणि डिलीट... थांबा, पुसू नका. उद्या हेच दाखवते. आधी टोकाला, मग भिंतीजवळ, मग नाहीच. बसस्टॉप राहू दे.

अरुणा : दाखव. चहा माझ्याकडे लागला ना? ठेवते. आणि अस्मिता...

अस्मिता : हं?

अरुणा : बाणावर परत ते इंग्रजी अक्षर घालू नकोस.