तिसरा पुकारा

सत्काराचं निघालंच आहे, तर आमच्या गायकवाड काकांचं ऐका. काका कोर्टात शिपाई. केस निघाली की दाराशी उभं राहून तीनदा नाव पुकारायचं, हे त्यांचं काम. माझी आई पोटगीच्या तारखेला मांजरी गावाहून यायची आणि आत जायच्या धास्तीनं फाटकाजवळच्या झाडाखाली बसून राहायची. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही, तर केसच जायची. पण काका म्हणायचे, "साहेब, बाई आवारातच आहेत, आणतो." आणि दोन जिने उतरून तिला घेऊन यायचे. दर तारखेला!

त्या पोटगीवर मी शिकले, आयटीत लागले. काका रिटायर झाले तेव्हा मीच हट्टानं कोथरूडात त्यांचा सत्कार ठेवला. माईकवरून नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. काकांचा पत्ता नाही.

निवेदक शालीची घडी घालत म्हणाला, "सत्कारमूर्तींना सवड नसावी. पुढे जाऊ या."

आईनं खिडकीतून पाहिलं. काका नवा शर्ट घालून खाली पार्किंगमध्ये अवघडून बसले होते. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई ताडकन उठली.

"साहेब, भाऊ आवारातच हायेत. आणते."