कापसाचं टोक

बदरिया : वर बसलेल्यांना लाज नाही, डॉक्टरीणबाई. नवऱ्याला घेऊन तीन दवाखाने पालथे घातले मी. तिघांनी तीन बाटल्या दिल्या. डोळे पांढरे पडत चाललेत, आणि ‘जंतू आहेत’ यापलीकडे कुणी तोंड उघडत नाही.

डॉ. इनास : मी उघडीन. उस्ता शहाता, हनुवटी इथे टेका. सगळे उस्ता म्हणतात, म्हणजे कारागीर तुम्ही. काम कुठलं?

शहाता : लोखंडी बोटींचं वेल्डिंग. समोरच्या धक्क्यावरची निळी बोट आहे ना, तिचा तळ माझा.

डॉ. इनास : माझा भाऊ जातो तिच्यावर मासेमारीला. आत थेंबभर पाणी शिरत नाही म्हणतो. वर बघा. कापसाचं टोक लावलं, जाणवलं?

शहाता : कधी लावलंत?

डॉ. इनास : आत्ताच. दोन्ही बुबुळांना. साधं कुसळ गेलं तर माणूस थयथयाट करतो, तुमची पापणीसुद्धा हलली नाही. आणि आत हे पांढरं कडं. जंतूंनी दोन्ही डोळे एकदम असे बधिर होत नाहीत. कुठले थेंब घालता?

शहाता : दिलेलेच.

डॉ. इनास : आणि न दिलेले?

बदरिया : त्या तुम्हाला विचारतायत, अबू रदवान. आपल्या रदवानचे बाप ना तुम्ही, खरं सांगा.

शहाता : वेल्डिंगचा उजेड लागला की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. कारखान्यात खिळ्याला एक बाटली टांगलेली असते, चहासारखी फिरते. एक थेंब, की दुखणं गायब. तसलीच एक हिला दुकानातून घरी आणायला लावली.

डॉ. इनास : ते बधिर करायचं औषध. आम्ही तपासताना एखादा थेंब घालतो, तेवढंच. रोज घातलं तर जखम भरत नाही, बुबुळ झिजत जातं.

बदरिया : मीच घालायचे. हे कण्हायला लागले की उठून. झोप लागावी म्हणून.

डॉ. इनास : विकणाऱ्याने काही सांगितलं?

बदरिया : सुटे आहेत का विचारलं.

डॉ. इनास : बाटली माझ्याकडे द्या. यांना इथेच ठेवून घेते. आता दुखेल, फार दुखेल. दुखू द्या.

शहाता : आणि नाही दुखलं तर?

डॉ. इनास : तर मला झोप लागणार नाही.

(काही दिवसांनी. तीच खुर्ची, पुन्हा कापूस.)

शहाता : हळू, बाई.

बदरिया : त्या तीन दवाखान्यांत खोलीएवढी यंत्रं होती. या बाईने कापसाने पकडलं. ती बाटली मोकाट विकू देणाऱ्यांना मी गाठणारच आहे. पण आधी तुम्ही सांगा, अबू रदवान. दुखलं ना? मान हलवू नका, तोंडाने सांगा. दुखलं?