सूत्रधाराची सही

जबाब, दि. २४/११/२०२५, दुपारी १.४० वा.

मी, आदिनाथ त्र्यंबक क्षीरसागर, वय ५३ वर्षे, व्यवसाय वार्ताहर, शिक्षण एम. ए. (संस्कृत), रा. केडगाव, अहिल्यानगर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी सत्यशीला हिच्यासह राहतो. एका दैनिकाला बातम्या देतो. बातम्या लिहून माझे संस्कृत बिघडले, हे वाक्य गैरलागू असल्याचे हवालदार मनकर्णा ढाकणे मॅडम यांनी सांगितले, परंतु तोवर ते टाईप झाले होते.

गेली तीन वर्षे दर रविवारी दुपारी ४ ते ७ माझ्या घरी आम्ही एक खेळ खेळतो. हा जुगार नव्हे. खेळ असा की, एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीत एकेक पात्र घेतात. आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगायचे. जमले की फसले ते फासे ठरवतात. सूत्रधार मी. खेळणारे म्हणजे लाईनमन अजिनाथ, लॅबमध्ये रक्त तपासणारी सुकन्या रोहोकले, वय २७, आणि या जूनपासून चौथा बजरंग डोके, वय ३१, मोबाईल दुरुस्ती, मूळ जामखेडकडचा.

तीन वर्षे आम्ही एकाच पातळ पुस्तकाचे नियम पाळले. दि. २६/१०/२०२५ रोजी, दिवाळीनंतरच्या रविवारी, मी जाहीर केले की आता सर्व मोकळे. कोणत्याही पुस्तकातले, नेटवरचे किंवा स्वतःच्या डोक्यातले, पात्राला हवे ते बळ कागदावर लिहून आणा. मी सही केली की ते लागू. अजिनाथ म्हणाला, "सर, एवढं मोकळं सोडू नका. आम्ही फ्यूज काय हौसेनं बसवतो का?" मी म्हणालो, "अरे, खेळाला कुठं शॉक बसतो?" सगळे हसले. मी जास्त हसलो.

माझा आणखी एक नियम होता, तो सुरुवातीपासूनचा. जागा आणि वेळ खरी हवी. मला काल्पनिक जंगले सांगता येत नाहीत. कोण, कुठे, किती वाजता, याशिवाय माझे वाक्य सुरू होत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या पात्राचा दिनक्रम केडगावातल्या खऱ्या जागांसह लिहून दिला होता. कंटाळ्याने सगळ्यांनी स्वतःचाच लिहिला. सुकन्याचा असा: ८.४० घर, ८.५० पाण्याच्या टाकीमागची गल्ली, ९ वा. लॅब, ६.१५ परत, गुरुवारी मावशीकडे. मी तो कागद सर्वांना दाखवून म्हणालो होतो, बातमी अशी लिहावी.

दि. २/११ रोजी बजरंगने कागद आणला. बळाचे नाव 'माग'. निवडलेले एक पात्र कुठे आहे ते त्याच्या पात्राला कायम कळणार. फासे नाहीत, अंतराची मर्यादा नाही, समोरच्याला सुटका नाही. निवडलेले पात्र सुकन्याचे. सुकन्याने मला विचारले, "काका, हे चालतं?" मी म्हणालो, "सगळं चालतं असं मीच म्हटलंय ना, बाई." आणि सही केली. अशा नियमाच्या दोषाला न्यायशास्त्रात अतिव्याप्ती म्हणतात, हे मी त्या दिवशी चहाबरोबर समजावूनही सांगितले. मॅडमनी येथे "नियम फार पसरला" असे लिहू का विचारले. तेच लिहावे.

दि. ९/११ रोजी खेळात बजरंग म्हणाला, "ती गुरुवारी मावशीकडं गेलीच न्हाई. मावशी दवाखान्यात हाय." हे कोणत्याही कागदावर नव्हते. मला वाटले, पोरगा चांगला खेळतो. सुकन्याने त्या दिवशी चहा घेतला नाही.

दि. १६/११ रोजी सुकन्याने स्वतःचा कागद आणला. बळाचे नाव 'आसरा'. तिच्या पात्राला लपायला एक जागा. त्या जागेचे नाव बंद लिफाफ्यात सूत्रधाराकडे. लिफाफा डिंकाने चिकटवून त्यावर टेप लावली होती. मी म्हणालो, "किल्ल्यालाही एवढा बंदोबस्त नव्हता." ती हसली नाही. मी सही केली. त्याच दिवशी बजरंगने आणखी तीन कागद पुढे केले. मला बातमीचा फोन चालू होता. फोन कानाला ठेवून मी तिन्हींवर सह्या केल्या. वाचले नाहीत.

काल दि. २३/११ रोजी सुकन्या आली नाही. बजरंग वेळेआधी आला आणि तिच्या खुर्चीवर बसला.

आज सकाळी ९.०५ वा. सुकन्याचा फोन आला. "काका, तो टाकीमागं उभा आहे. परवा त्यानं माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली होती. मी आसरा वापरतेय. कुणाला सांगू नका." मी विचारले, "खेळात?" ती म्हणाली, "नाही, काका." तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

९.४० वा. तिची आई रतनबाई यांचा फोन आला. मुलगी लॅबमध्ये पोचली नव्हती. त्यांनी विचारले, "भाऊ, तुमी रविवारी नेमकं काय खेळता हो?"

११.३० वा. बजरंग घरी आला. त्याने माझ्या सहीचा कागद टेबलावर ठेवला. त्यात लिहिले होते: सूत्रधाराकडे जे आहे ते सर्व बजरंगच्या पात्राला पाहता येईल.

"काका, लिफाफा द्या."

मी म्हणालो, "खेळ रविवारी असतो."

"तसं कुठं लिवलंय? वार लिवलेला न्हाई." खरोखरच नव्हता. "सही तुमचीच हाय ना?"

"माझीच."

"मग?"

मी सांगितले की लिफाफा ऑफिसात राहिला. तो संस्कृत कोशाखाली होता, बजरंगच्या कोपरापासून हातभर. मी खोटे बोलताना चष्मा पुसतो असे पत्नी म्हणते. ती न सांगता चहा घेऊन आली आणि आमच्या मध्ये उभी राहिली. बजरंग चहा प्यायला. जाताना म्हणाला, "संध्याकाळपर्यंत बगतो. न्हाई दिला तरी माग हाय माज्याकडं." तो ११.५० वा. गेला.

त्यानंतर एक वाजेपर्यंत काय केले असे विचारले. लिफाफा हातात धरून बसलो होतो. एक वाजता मी व पत्नी मागच्या दाराने निघालो. लिफाफा तिच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली होता.

ठाण्यात बसल्यावर खिडकीतून समोरच्या चहाच्या टपरीपाशी बजरंगची काळी मोटारसायकल दिसली. ती मी मॅडमना दाखवली. लिफाफा बंद स्थितीत निरीक्षक साहेबांच्या हाती दिला. मॅडमनी विचारले, "काका, तुम्हाला बघायचंय?" मी नको म्हणालो. मला कोणी विचारले तर माझ्या चेहऱ्यावर दिसते. साहेबांनी तो आतल्या खोलीत उघडला. १.५५ वा. साध्या वेशातील दोन महिला अंमलदार खासगी गाडीने मागच्या फाटकातून गेल्या. लिफाफ्यातली जागा या जबाबात लिहू नये अशी माझी विनंती आहे. जागा खरी हवी, हा माझा नियम मी येथे मोडत आहे.

२.२० वा. टपरीपाशी मोटारसायकल नव्हती. एक अंमलदार चौकशी करून आले. टपरीवाला म्हणाला, अर्धा चहा टाकून गेला. कोणत्या बाजूला, असे विचारता त्याने हात केला. खासगी गाडी त्याच बाजूला गेली होती. साहेब वायरलेसवर बोलत आहेत. सुकन्या सापडली का, हे मला विचारायचे आहे. विचारलेले नाही.

बजरंगच्या कागदांवरील सह्या माझ्याच आहेत. प्रस्तुत जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला. त्यानंतर मी तो स्वतः पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला, मगच सही केली. तो माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे. लिफाफ्यातील कागद मी वाचलेला नाही.