जुफैरमध्ये करवंदाचा वास

वाइन प्यायला गेलो आम्ही आणि गाजला रौफ, ज्यानं थेंबही घेतला नाही! रौफ आमच्या बहरीनमधल्या हिद्दच्या वर्कशॉपमधला, मूळचा रायगडचा. दारूला शिवत नाही. परतताना गाडी चालवायला म्हणून सोबत आला होता. बहरीनमधल्याच जुफैर भागातल्या एका हॉटेलात शुक्रवारी दुपारी अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागातल्या वाइन चाखायला ठेवल्या होत्या. तिथून आलेली बाई इंग्रजीत सांगत होती, "आमचे मळे फार उंचावर आहेत. दिवसा ऊन भाजून काढतं, रात्री कडाक्याची थंडी. त्यामुळे द्राक्षाची साल जाड होते."

रौफला राहवेना. "मी नुसता वास घेतला तर चालेल?" त्यानं ग्लास नाकाशी नेला. "अरे, हे तर करवंद!"

"करवंद म्हणजे काय?" बाईनं विचारलं. आम्हाला काही सांगता येईना. रौफनं थेट गावी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अम्मी, घरात करवंदं आहेत का? जरा दाखव."

अम्मीनं काळ्याभोर करवंदांची वाटी समोर धरली. तेवढ्यात तिला रौफच्या मागच्या बाटल्या दिसल्या.

"रौफ, तू कुठं आहेस?"

त्याचा चेहरा पडला. पण आईशी खोटं बोलणं त्याला जमत नाही. त्यानं सगळं खरं सांगितलं, अगदी डोंगर, ऊन, थंडीसकट.

अम्मी म्हणाली, "त्या बाईला विचार, एवढ्या उंचावर जाऊन इतकी चांगली द्राक्षं पिकवलीत, मग सडवलीत कशाला?"

बाई उत्सुकतेनं माझ्याकडे बघू लागली. "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हणालो, "तुमची द्राक्षं त्यांना फार आवडली."