मिरची ठेवून जा

धंदा मंदावला की सल्ला द्यायला सगळे धावतात, पण गिऱ्हाइकाला विचारायची तसदी एकजणही घेत नाही. मीही घेतली नव्हती. मार्केटिंगचा पेपर नुकताच दिला होता, त्यामुळे डोक्यात हवा.

आमच्या शेजारच्या शांताक्कांचा डंक, म्हणजे मिरची कुटून चटणी करून द्यायची गिरणी होती. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांवर त्यांचं वर्ष निघायचं. त्या साली ऐन हंगामात समोरच नवा डंक सुरू झाला आणि बायका तिकडं वळू लागल्या.

मी म्हणालो, "अक्का, बायका इथं तासन्‌तास ताटकळतात. त्यांचा वेळ वाचवा." बसायची बाकं मीच आत नेली आणि दारात बोर्ड लावला, 'मिरची ठेवून जा, संध्याकाळी चटणी घरपोच.'

बायका थांबून बोर्ड वाचायच्या आणि पिशवी घेऊन समोर जायच्या.

दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "आदी निम्म्या जात हुत्या. तुजा बोर्ड वाचून सगळ्याच चालल्या की रं!"

मी चिडून एका मावशींना अडवलं. "घरपोच मिळतंय, तरी समोर का जाताय?"

"संकेश्वरी मिरची निवडून, देठं मोडून, भाजून आणलीया मी. डोळ्यादेखत कुटली तर ती माजी चटणी. न्हायतर दुकानातली पुडी काय वाईट हाय?"

मी बोर्ड उतरवला आणि बाकं बाहेर आणली. मावशी ऐसपैस बसल्या आणि रस्ता ओलांडणाऱ्या बायकांना ओरडून म्हणाल्या, "फिरा गं माघारी! पोरगं शाणं झालं!"