पोरीनं नुसती मान डोलावलीन

मी मूळची आंजर्ल्याची, बापाची होडी, आये मासळी विकायची, मीपण तेच शिकल्ये नि लग्न होऊन हितं रत्नागिरीत मिरकरवाड्यात आल्ये. माझा आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक मागं वळतं. पोर मात्र माझ्यावर नाय गेली, भारी लाजरी.

काय सांगू तुम्हाला, ती आठवीत होती, पायाला पुळ्या आल्या, बऱ्या झाल्या, नि मग सकाळी उठली की डोळे सुजलेले. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितलनी, तर त्यात रक्ताच्या लाल पेशी निघाल्या. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलनी, पाळी चालू आहे का? बाकावर वाडीतले बाप्ये बसलेले, पोरीनं खाली बघून नुसती मान डोलावलीन. मग ठीक आहे, त्यातलंच रक्त असेल, पाळी झाली की परत तपासू, असं डॉक्टर म्हणाले. मलापण वाटलं, आजच आली असेल.

संध्याकाळी लॅबातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन, पोरीला घेऊन या. बाईंनी आत नेऊन दार लावलनी, पाठीवर हात ठेवून हळूच विचारलनी, तशी पोर रडायलाच लागली, नाय म्हणाली, पाळी नाय, पण लघवी काळ्या चहासारखी होत्ये. मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलनी. म्हणाल्या, पाळीतल्या पेशी बहुतेक गोल दिसतात, मुतखड्यानं खरचटलं तरी गोलच, ह्या बघा कशा वेड्यावाकड्या, फुगे आलेल्या, ह्या मूत्रपिंडाच्या गाळणीतून चेपटून आल्यात. मला त्यातलं काय कळणार, मी आपली विचारत्ये, बाई, माझी पोर वाचेल ना? वाचेल, पण आजच दाखल करा, म्हणाल्या, नि तिथूनच डॉक्टरांना फोन लावलनी. तेपण म्हणाले, बरं झालं सांगितलंत, लगेच पाठवा.

मूत्रपिंडाला सूज होती हो, रक्तदाब वाढलेला. मीठ बंद. आमच्या घरात मीठ बंद म्हणजे बघा, सुकट, खारा बांगडा, सगळं शेजारणीला दिलं, नि माझा नवरा, जो कालवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा, तो पोरीच्या जोडीला बसून अळणी जेवलान.

आता बरी आहे, लाल पेशी नाय म्हणून लिहून येतं. त्या बाईंचे डोळे देव असेच शाबूत ठेवो, मी रोज म्हणत्ये. परवा तपासणीला गेलो, तर डॉक्टरांनी परत तेच विचारलनी, बाकावर माणसं बसलेलीच होती. नाय, चालू नाय, असती तर आधीच सांगितलं असतं, असं म्हणाली पोर, वर बघून, अगदी माझ्या बाजारातल्या आवाजात.