चार मिनिटांत, इन्शाअल्लाह

सकाळी अकरा वाजता अम्मानमधल्या एका सँडविच कंपनीने नव्या दुकानमालकांची तिसरी आणि शेवटची परीक्षा सुरू केली. बाहेरच्या बाकावर हनान आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. शेजारी तिच्याच प्रशिक्षणाच्या तुकडीतला नायफ होता, आणि त्याची बायको इताफ त्याची उजळणी घेत होती. मुलगा लैस याच्या नावावरून दोघं एकमेकांना अबू लैस, उम्म लैस म्हणत.

“म्हणा, अबू लैस. ‘सँडविच चार मिनिटांत मिळेल.’”

“चार मिनिटांत मिळेल, इन्शाअल्लाह.”

“झालं. दोनदा ह्या ‘इन्शाअल्लाह’वरच नापास केलंय तुम्हाला. गिऱ्हाइकाला पक्की वेळ सांगायची, असं करारात लिहिलंय.”

“पक्की वेळ सांगणारा मी कोण?”

“मग मनात म्हणा.”

“मनातलं तोंडात येतं माझ्या. टॅक्सी चालवताना एकदाच म्हणायचं विसरलो. ‘दहा मिनिटांत पोचवतो’ म्हणालो आणि गाडी खांबावर घातली.”

“तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात.”

“तुझ्याशीच.”

“आज नापास झालात तर प्रशिक्षणाची फी गेली, दुकानही गेलं. टॅक्सी तर विकून बसलोय.”

“तूच दे ना परीक्षा. तुझं सगळं पाठ आहे.”

“मालकानेच द्यायची असते. सही तुमची आहे.”

“हात बघ माझे, गार पडलेत.”

“द्या इकडे. आता म्हणा.”

“चार मिनिटांत मिळेल.”

“बघा, जमलं की.”

“आता काहीतरी वाईट होणार, उम्म लैस.”

अकरा वीसला नायफला आत बोलावलं. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“सँडविच कधी मिळेल?” परीक्षकाने विचारलं.

हनानने कान दिले. आतून नायफ म्हणाला, “चार मिनिटांत मिळेल,” आणि बाकावर इताफ हळूच म्हणाली, “इन्शाअल्लाह.”